आवर्ती वर्गणी

आवर्ती वर्गणी म्हणजे एखादी वस्तू किंवा सेवा अखंड मिळत राहावी याकरिता ग्राहकाने ठरलेल्या अंतराने पुन्हापुन्हा द्यावयाची रक्कम होय. ही रक्कम आकारण्याची, वसूल करण्याची आणि तिचा हिशेब ठेवण्याची जी व्यवस्था असते, तिला आवर्ती देयकपद्धती म्हणतात. चित्रपट व मालिका दाखवणारी ओटीटी माध्यमे, ध्वनिपुस्तके, ऑनलाइन शिकवण्या, संगणक आज्ञावली, संकेतस्थळांसाठीची साठवणूक आणि डिजिटल वृत्तपत्रे या सेवा आज प्रामुख्याने याच पद्धतीने विकल्या जातात. ग्राहक एकदा संमती देतो आणि पुढची वसुली त्याच्या बँक खात्यातून किंवा कार्डावरून आपोआप होते, हे या पद्धतीचे मुख्य लक्षण आहे. संमती एकदाच आणि वसुली अनेकदा होत असल्यामुळे ती संमती कशी घ्यावी, किती रकमेपर्यंत ग्राह्य धरावी आणि ग्राहकाला ती कशी मागे घेता यावी, हे या विषयातील कळीचे प्रश्न ठरतात. भारतात त्यांचे नियमन मुख्यतः भारतीय रिझर्व्ह बँक आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण यांच्याकडे आहे.

## संज्ञा

मराठीत ‘वर्गणी’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. गणेशोत्सवासारख्या सार्वजनिक कार्यासाठी प्रत्येकाने दिलेला वाटा हा पहिला अर्थ. नियतकालिक किंवा वाचनालय यांसाठी आगाऊ भरलेले शुल्क हा दुसरा. प्रस्तुत लेखात दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. अशी रक्कम भरणाऱ्यास वर्गणीदार म्हणतात. रोज घरपोच येणाऱ्या दुधासाठी वापरला जाणारा ‘रतीब’ हा शब्दही याच कल्पनेच्या जवळचा आहे. रतिबात माल रोज येतो, हिशेब महिन्याने होतो आणि पैसे बहुधा मागाहून दिले जातात. वर्गणीत पैसे आधी दिले जातात व सेवा मागाहून मिळते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण रतिबात जोखीम विक्रेत्याची असते, तर वर्गणीत ती ग्राहकाकडे जाते.

ऑनलाइन व्यवहारांत ‘प्लॅन’ (योजना), ‘ऑटोपे’ (स्वयंचलित भरणा), ‘मॅन्डेट’ (वसुलीचा आदेश) आणि ‘रिन्यूअल’ (नूतनीकरण) हे शब्द सर्रास वापरले जातात.

## महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

### कुंडल रोड, किर्लोस्करवाडी आणि मासिकांची वर्गणी

सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील कुंडल हे गाव स्वातंत्र्यापूर्वी औंध संस्थानात होते. गावाजवळच्या रेल्वे स्थानकाला कुंडल रोड असे नाव होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना बेळगावातून आपला शेतीअवजारांचा कारखाना हलवणे भाग पडले, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या स्थानकालगतचा माळ त्यांना दिला. १९१० साली तेथे कारखाना व वसाहत उभी राहिली आणि ती किर्लोस्करवाडी या नावाने प्रसिद्ध झाली. पुढे स्थानकालाही तेच नाव मिळाले.

याच वसाहतीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. शंकरराव किर्लोस्कर हे त्याचे संपादक होते. आरंभी ते कारखान्याचे गृहपत्र होते. पुढे ते सर्वसामान्य वाचकांचे मासिक झाले आणि ‘किर्लोस्कर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यापाठोपाठ १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके सुरू झाली. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या बाजारपेठेपासून दूर, माळावरच्या एका औद्योगिक वसाहतीतून निघणारी मासिके महाराष्ट्रभर पोचली. रेल्वे आणि टपाल या दोन सोयी हाताशी असल्या, तर वाचक कोठे राहतो याला फारसे महत्त्व उरत नाही, हे त्यातून दिसले. ऑनलाइन सेवेला आज इंटरनेट आणि बँकिंग यांची जी गरज असते, तीच त्या काळी टपाल आणि मनिऑर्डर यांची होती.

### टपालखात्याची भूमिका

भारतात व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजेच ‘व्ही.पी.’, १८७७ साली आणि मनिऑर्डर १८८० साली सुरू झाली. मनिऑर्डरीने वर्गणीदार आपण होऊन पैसे पाठवत असे. व्ही.पी.त क्रम उलटा होता. अंक किंवा पुस्तक आधी पाठवले जाई, टपालवाला ते देताना पैसे घेई आणि टपालखाते ती रक्कम प्रकाशकाला पोचवी. वर्गणी संपलेल्या वाचकाला पुढील अंक व्ही.पी.ने पाठवून नूतनीकरण साधण्याचा प्रघात यातूनच पडला. वाचकाने नकार दिला, तर व्ही.पी. परत येई आणि टपालखर्च प्रकाशकाच्या अंगावर पडे. त्यामुळे वर्गणी संपण्याआधी वाचकाला सूचना देणे प्रकाशकाच्याही हिताचे होते. आजच्या नियमांनी सक्तीची केलेली पूर्वसूचना अशा प्रकारे व्यवहाराची गरज म्हणून आधीपासूनच प्रचलित होती.

वार्षिक वर्गणीखेरीज अनेक मराठी नियतकालिकांनी ‘आजीव वर्गणी’ही स्वीकारली. एकरकमी मिळणाऱ्या या पैशाने तात्पुरती गरज भागते. परंतु कागद, छपाई आणि टपाल यांचे दर वाढत गेले, तरी आजीव वर्गणीदाराला अंक देणे बंधनकारक राहते. आयुष्यभराच्या योजना विकणाऱ्या ऑनलाइन सेवांपुढेही हाच पेच असतो.

### हप्ते व कपात

ठरावीक अंतराने वसुली करण्याच्या इतर पद्धतीही परिचयाच्या होत्या. कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट या उडुपीच्या बँकेने १९२८ साली पिग्मी ठेव योजना सुरू केली. तीत प्रतिनिधी रोज दारी येऊन अल्प रक्कम गोळा करत असे. ही पद्धत महाराष्ट्रातील सहकारी बँका व पतसंस्थांमध्येही रुजली. आयुर्विम्याच्या हप्त्याला ठरलेल्या तारखेनंतर काही दिवसांची मुदत देण्याची प्रथा आहे. मासिक हप्त्यासाठी ती साधारणतः १५ दिवसांची असते. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांत शेतकऱ्याच्या ऊसबिलातून विकास सोसायटीचे कर्ज किंवा उपसा सिंचनाची पाणीपट्टी परस्पर कापून घेतली जाते. पैसे हाती येण्यापूर्वीच कपात होत असल्याने वसुली खात्रीची होते. मात्र आपली रक्कम नेमकी कशासाठी कापली गेली, हे शेतकऱ्याला बिल वाचूनच कळते. आपोआप होणाऱ्या प्रत्येक वसुलीला हे दोन्ही गुणधर्म लागू पडतात.

## ऑनलाइन सेवांतील प्रसार

संगणक आज्ञावली पूर्वी एकदाच किंमत मोजून विकत घेतली जाई. १९९९ साली स्थापन झालेल्या सेल्सफोर्स या अमेरिकन कंपनीने ती इंटरनेटवरून वर्गणीने देण्याची पद्धत लोकप्रिय केली. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने चित्रपटांच्या डीव्हीडी भाड्याने देण्यासाठी मासिक वर्गणी सुरू केली. ॲडोबी या कंपनीने २०१३ साली आपल्या प्रमुख आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीने देण्याचा निर्णय जाहीर केला.

भारतात नेटफ्लिक्स जानेवारी २०१६ मध्ये आणि ॲमेझॉन प्राइम जुलै २०१६ मध्ये आले. जुलै २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने केवळ मोबाइलवर पाहण्यासाठी दरमहा १९९ रुपयांची योजना आणली. एकाच सेवेची किंमत बाजारपेठेनुसार व उपकरणानुसार कशी बदलते, याचे हे उदाहरण आहे. मराठीपुरते पाहता, स्टोरीटेल या स्वीडिश कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतात ध्वनिपुस्तकांची वर्गणीसेवा सुरू केली तेव्हा इंग्रजी व हिंदीबरोबर मराठीचाही समावेश केला. २०२१ मध्ये प्लॅनेट मराठी हे मराठीला वाहिलेले ओटीटी माध्यम सुरू झाले.

## योजनांची रचना

वर्गणीची योजना आखताना चार गोष्टी निश्चित कराव्या लागतात: काय द्यायचे, किती काळासाठी द्यायचे, किती रकमेला द्यायचे आणि मुदत संपल्यावर काय करायचे. प्रचलित प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

* स्थिर दराची योजना – सर्वांना एकच दर. समजण्यास सोपी, लहान संस्थांसाठी सोयीची.
* श्रेणीबद्ध योजना – प्राथमिक, मध्यम, उच्च अशा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर सोयी वाढतात.
* प्रतिव्यक्ती योजना – वापरकर्त्यांच्या संख्येनुसार आकारणी. कार्यालयीन आज्ञावलींत रूढ.
* वापरानुसार योजना – विजेच्या मीटरप्रमाणे जितका वापर तितके देयक. यात रक्कम दरमहा बदलते.
* मोफत व सशुल्क अशी संमिश्र योजना – मूलभूत सेवा विनामूल्य, अधिकच्या सोयींना शुल्क.

मासिक योजनेपेक्षा वार्षिक योजना स्वस्त ठेवण्याची पद्धत आहे. वर्षाची रक्कम एकदम मिळाल्याने सेवादात्याला खेळते भांडवल मिळते आणि वसुलीचे प्रसंग बारावरून एकावर येतात. ग्राहकाची सोय मात्र त्याच्या गरजेवर अवलंबून असते. परीक्षेच्या तयारीसाठी चार महिनेच शिकवणी हवी असलेल्या विद्यार्थ्याला वार्षिक योजना स्वस्त दिसली, तरी महागच पडते.

चाचणीचा कालावधी, म्हणजे काही दिवस मोफत वापर, हा योजनेचा एक भाग असतो. चाचणी सुरू करतानाच खात्याचा तपशील घेऊन मुदत संपताच आपोआप आकारणी करणे, किंवा तपशील न घेता ग्राहकाने स्वतः निर्णय घेण्याची वाट पाहणे, असे त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात वर्गणीदार अधिक मिळतात आणि तक्रारीही अधिक येतात.

## देयकाचे चक्र

### तारीख व प्रमाणशीर आकारणी

ग्राहक ज्या दिवशी योजना घेतो, ती तारीख सामान्यतः देयकाची तारीख ठरते. ३१ जानेवारीला घेतलेल्या मासिक योजनेचे पुढील देयक २८ किंवा २९ फेब्रुवारीला निघते. त्यानंतरचे देयक ३१ मार्चला काढायचे की २८ मार्चला, हे आधी ठरवावे लागते. अन्यथा प्रत्येक महिन्यात तारीख मागे सरकत जाते. त्यासाठी मूळ तारीख स्वतंत्रपणे नोंदवून ठेवतात.

मुदतीच्या मध्येच योजना बदलल्यास प्रमाणशीर आकारणी केली जाते. समजा, ३० दिवसांच्या महिन्यासाठी ३०० रुपयांची योजना घेतलेल्या ग्राहकाने १० दिवस पूर्ण झाल्यावर ६०० रुपयांची योजना निवडली. जुन्या योजनेचे २० दिवस शिल्लक आहेत. त्यांचे मूल्य २०० रुपये. नव्या योजनेच्या २० दिवसांचे मूल्य ४०० रुपये. म्हणून त्या दिवशी २०० रुपयांची आकारणी होते. खालच्या श्रेणीत जाताना परतावा देण्याऐवजी पुढील देयकात रक्कम वळती करण्याची किंवा चालू मुदत संपल्यावर बदल लागू करण्याची पद्धत आहे.

### वसुलीची यंत्रणा

ऑनलाइन सेवा बहुधा थेट बँकेशी न जोडता पेमेंट ॲग्रिगेटर, म्हणजे देयक-मध्यस्थ कंपनीमार्फत वसुली करते. रेझरपे, पेयू, कॅशफ्री, बिलडेस्क व सीसीॲव्हेन्यू ही भारतातील परिचित नावे होत. अशा कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. मध्यस्थाकडे नोंदणी करताना व्यवसायाचा पॅन, बँक खाते, लागू असल्यास जीएसटी क्रमांक, तसेच संकेतस्थळावर सेवेच्या अटी, परतावा धोरण आणि संपर्काचा पत्ता असणे अपेक्षित असते.

नोंदणीनंतर सेवादाता मध्यस्थाच्या यंत्रणेत योजना तयार करतो. त्यात रक्कम, अंतर आणि आवर्तनांची संख्या नोंदवली जाते. ग्राहकाने योजना निवडली की त्याच्या नावे वर्गणी तयार होते व मॅन्डेटला संमती मागितली जाते. त्यानंतर दर आवर्तनाला यंत्रणा आधी सूचना पाठवते, मग वसुलीची मागणी नोंदवते आणि निकाल सेवादात्याच्या संगणकाला ‘वेबहुक’ नावाच्या स्वयंचलित संदेशाने कळवते. हा संदेश कधी उशिरा येतो, कधी दोनदा येतो. म्हणून प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक देऊन एकाच महिन्याची दोनदा नोंद वा वसुली होणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते. ग्राहकाच्या पडद्यावर ‘यशस्वी’ असे दिसले, एवढ्यावर सेवा सुरू न करता मध्यस्थाकडून आलेल्या संदेशाची सत्यता पडताळणे आवश्यक असते.

मोबाइलवरील ॲपमधून घेतलेली वर्गणी अनेकदा गुगल प्ले किंवा ॲपल ॲप स्टोअरमार्फत आकारली जाते. अशा वेळी देयक, परतावा आणि वर्गणी रद्द करणे हे सर्व त्या त्या दुकानाच्या खात्यातून होते.

### अयशस्वी वसुली

खात्यात पुरेशी शिल्लक नसणे, कार्डाची मुदत संपणे, बँकेची यंत्रणा बंद असणे अशा कारणांनी वसुली फसते. अशा वेळी सेवा तत्काळ बंद न करता काही दिवसांची वाढीव मुदत देणे, ग्राहकास कळवणे आणि ठरावीक वेळा पुन्हा प्रयत्न करणे, हा सर्वमान्य क्रम आहे. वारंवार प्रयत्न करणे मात्र इष्ट नसते. नॅच पद्धतीत परत गेलेल्या मागणीपोटी बँका खातेदाराकडून दंड आकारतात. त्यामुळे शंभर-दोनशे रुपयांच्या वर्गणीपायी खातेदाराला त्याहून मोठा भुर्दंड पडू शकतो. यूपीआयवरील आवर्ती वसुलीसाठी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑगस्ट २०२५ पासून एक मूळ आणि तीन फेरप्रयत्न अशी मर्यादा घातली आणि ही वसुली गर्दीच्या वेळा टाळून करण्याचे बंधन घातले.

## भारतातील मॅन्डेटचे प्रकार

नॅच – नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची ही व्यवस्था पूर्वीच्या ईसीएस पद्धतीच्या जागी आली. कर्जाचे हप्ते, विमा आणि म्युच्युअल फंडांतील नियमित गुंतवणूक यांसाठी ती विशेष वापरली जाते. संमती कागदी अर्जाने किंवा नेटबँकिंग, डेबिट कार्ड वा आधारच्या साहाय्याने देता येते. १ ऑगस्ट २०२१ पासून ही व्यवस्था आठवड्याचे सर्व दिवस सुरू असते.

कार्डावरील ई-मॅन्डेट – डेबिट वा क्रेडिट कार्डावरून होणारी आवर्ती वसुली. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाही. त्याऐवजी ‘टोकन’ हा पर्यायी क्रमांक वापरावा लागतो.

यूपीआय ऑटोपे – एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्ये जुलै २०२० मध्ये ही सोय आली. ग्राहकाला आपल्या ॲपमध्ये विक्रेत्याचे नाव, कमाल रक्कम, वसुलीचे अंतर, आरंभ व समाप्तीची तारीख दिसते आणि तो पिन टाकून संमती देतो. कार्ड नसलेल्या खातेदारालाही ही पद्धत खुली असल्याने ग्रामीण भागात तिचा उपयोग अधिक आहे.

## रिझर्व्ह बँकेचे नियम

रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ रोजी कार्डावरील आवर्ती व्यवहारांसाठी ई-मॅन्डेटची चौकट जाहीर केली. जानेवारी २०२० मध्ये ती यूपीआयलाही लागू झाली. तिच्यातील प्रमुख तरतुदी अशा आहेत.

* मॅन्डेट नोंदवताना, बदलताना आणि मागे घेताना अतिरिक्त प्रमाणीकरण, उदाहरणार्थ ओटीपी, आवश्यक असते. पहिल्या व्यवहारालाही ते लागते.
* प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे. तीत विक्रेत्याचे नाव, रक्कम, वसुलीची तारीख व वेळ, संदर्भ क्रमांक आणि कारण नमूद असते.
* ही सूचना मिळाल्यावर ग्राहक तो एक व्यवहार किंवा संपूर्ण मॅन्डेट नाकारू शकतो.
* रक्कम बदलती असल्यास ग्राहकाला स्वतः कमाल मर्यादा ठरवता येते.
* वसुलीनंतरही सूचना पाठवावी लागते.
* या सोयीसाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येत नाही.

अतिरिक्त प्रमाणीकरणाशिवाय होऊ शकणाऱ्या प्रत्येक व्यवहाराची मर्यादा आरंभी २,००० रुपये होती. ती जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपये आणि जून २०२२ मध्ये १५,००० रुपये करण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये म्युच्युअल फंड, विमा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचे देयक या तीन प्रकारांसाठी ती १ लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये फास्टॅग व नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड यांची शिल्लक आपोआप भरण्याचा समावेश या चौकटीत झाला. अशा भरण्याची वेळ आधी ठरलेली नसल्याने त्यास पूर्वसूचनेतून सूट मिळाली.

या नियमांच्या पूर्ततेची मुदत ३१ मार्च २०२१ वरून ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत वाढवण्यात आली होती. तरीही १ ऑक्टोबर २०२१ नंतर अनेक ग्राहकांचे स्वयंचलित भरणे अडले, कारण काही बँका व परदेशी सेवा यांची तयारी अपुरी होती.

दरवाढीच्या संदर्भात हे नियम विशेष महत्त्वाचे ठरतात. मॅन्डेट निश्चित रकमेचे असेल, तर वाढीव दराने वसुली करता येत नाही. ग्राहकाची नवी संमती घ्यावी लागते. मॅन्डेट कमाल रकमेचे असेल, तर त्या मर्यादेपर्यंत वाढीव वसुली तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. म्हणून संमती देताना मासिक दराइतकीच किंवा त्याच्या जवळपासची मर्यादा ठेवणे ग्राहकाच्या हिताचे असते.

## ग्राहकांचे संरक्षण

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये ग्राहकाची संमती स्पष्ट कृतीने घेतली पाहिजे. आधीच खूण केलेल्या चौकटी ग्राह्य धरल्या जात नाहीत. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न्स’, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या मांडणीच्या युक्त्या, यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत असे १३ प्रकार दिले असून ‘वर्गणीचा सापळा’ हा त्यांपैकी एक आहे. वर्गणी रद्द करणे अशक्य वा अत्यंत किचकट करणे, रद्द करण्याचा पर्याय लपवणे, मोफत सेवेसाठी खात्याचा तपशील किंवा स्वयंचलित वसुलीची परवानगी मागणे, तसेच रद्द करण्याविषयीच्या सूचना संदिग्ध ठेवणे, या गोष्टींचा त्यात समावेश होतो.

अन्य देशांतही हा प्रश्न चर्चेत आहे. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन करार संपवण्यासाठी संकेतस्थळावर ठळक बटण देणे बंधनकारक झाले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्गणी घेणे जितके सोपे तितकेच ती सोडणेही सोपे असावे, असा नियम केला. जुलै २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने तो रद्द ठरवला.

वर्गणी थांबवताना तीन गोष्टींत गल्लत होते. फोनमधून ॲप काढून टाकल्याने वर्गणी रद्द होत नाही. मॅन्डेट मागे घेतल्याने पुढची वसुली थांबते. पण सेवेचा करार त्याने आपोआप संपतोच असे नाही, म्हणून सेवेच्या खात्यातही वर्गणी रद्द करून तिची पोच जपून ठेवणे श्रेयस्कर असते. तिसरी गोष्ट कर्जाच्या हप्त्यांची. तेथे मॅन्डेट थांबवल्याने देणे संपत नाही. उलट पुरेशा शिल्लकीअभावी हप्ता परत गेल्यास पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ अन्वये, धनादेश न वटल्याप्रमाणेच, फौजदारी कारवाई होऊ शकते.

चुकीच्या वसुलीबाबत प्रथम सेवादात्याकडे व बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते. बँकेने ३० दिवसांत समाधान न केल्यास १२ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली रिझर्व्ह बँकेकडे दाद मागता येते. सेवादात्याविरुद्धच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

## कर व लेखांकन

ऑनलाइन वर्गणीसेवांवर सर्वसाधारणपणे १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. २०० रुपयांच्या योजनेवर ३६ रुपये कर होऊन ग्राहकास २३६ रुपये द्यावे लागतात. ग्राहक व सेवादाता दोघेही महाराष्ट्रातील असतील, तर कराचे केंद्र व राज्य यांत प्रत्येकी ९ टक्के असे विभाजन होते. ग्राहक परराज्यातील असल्यास एकात्मिक कर आकारला जातो. योजनेचा दर जाहीर करताना तो करासह आहे की कराविना, हे स्पष्ट करणे आवश्यक असते.

आगाऊ मिळालेली वर्गणी हे मिळताक्षणी उत्पन्न मानले जात नाही. १ ऑक्टोबरला १,२०० रुपयांची वार्षिक वर्गणी जमा झाली, तर ३१ मार्चपर्यंत सहा महिन्यांचे ६०० रुपये उत्पन्नात धरतात. उरलेले ६०० रुपये देणे म्हणून ताळेबंदात दाखवतात, कारण तितक्या रकमेची सेवा अद्याप द्यावयाची असते. हे देणे विसरून सर्व रक्कम खर्च करणारी संस्था अडचणीत येते. एखादे मासिक किंवा ऑनलाइन शिकवणी मध्येच बंद पडते, तेव्हा ज्यांनी वर्षाचे पैसे आधी भरलेले असतात, ते वर्गणीदार धनको बनतात आणि त्यांच्या छोट्या छोट्या रकमा परत मिळणे दुरापास्त होते.

## गळती

ठरावीक काळात वर्गणी सोडणाऱ्यांच्या प्रमाणाला गळती म्हणतात. दरमहा ५ टक्के गळती वरकरणी किरकोळ वाटते. परंतु नवे ग्राहक न मिळाल्यास १,००० वर्गणीदारांपैकी वर्षाअखेरीस सुमारे ५४० उरतात. याच हिशेबाने एक ग्राहक सरासरी २० महिने टिकतो, आणि त्याच्याकडून मिळणारे एकूण उत्पन्न म्हणजे मासिक दराची साधारण वीसपट होय. नवा ग्राहक मिळवण्यासाठी किती खर्च करावा, हे यावरून ठरते.

गळती दोन प्रकारची असते. काही ग्राहक विचारपूर्वक वर्गणी सोडतात. काहींची वर्गणी केवळ वसुली फसल्यामुळे तुटते. दुसऱ्या प्रकारची गळती वेळेवर सूचना आणि वाढीव मुदत देऊन कमी करता येते.

## मूल्यमापन

आवर्ती वर्गणीमुळे लहान संस्थांना उत्पन्नाचा अंदाज बांधता येतो. जाहिरातींवर अवलंबून न राहता वाचकांच्या बळावर मजकूर निर्माण करणे त्यामुळे शक्य होते. मराठीसारख्या भाषेतील विशेष विषयांच्या नियतकालिकांना तर वर्गणीदार हाच मुख्य आधार राहिला आहे. ग्राहकाच्या दृष्टीने पाहता, मोठी रक्कम एकदम न मोजता सेवा मिळते आणि नको असल्यास सोडता येते.

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप असा की, आपोआप होणारी वसुली ग्राहकाच्या विस्मरणावर पोसली जाते. वापर थांबला तरी वर्गणी चालू राहते आणि लहान रकमा मिळून घरखर्चाचा मोठा भाग होतो. मालकीचा प्रश्नही उपस्थित केला जातो. छापील मासिकाची वर्गणी संपली, तरी जुने अंक वाचकाच्या घरात राहत. ऑनलाइन सेवेची वर्गणी संपताच तोपर्यंतचा मजकूरही बहुधा दिसेनासा होतो. सूचना इंग्रजीत येणे, त्या अनेक संदेशांच्या गर्दीत हरवणे आणि घरातील ज्येष्ठांचे व्यवहार दुसऱ्याच्या फोनवरून होणे, या कारणांनी पूर्वसूचनेचा हक्क कागदावर असूनही प्रत्यक्षात वापरला जात नाही, अशीही टीका होते. व्ही.पी.च्या काळात नकार देण्यासाठी वर्गणीदाराला काहीच करावे लागत नसे. अंक न सोडवणे पुरेसे असे. स्वयंचलित वसुलीत वर्गणी चालू ठेवण्यासाठी काही करावे लागत नाही, आणि ती थांबवण्यासाठी ग्राहकालाच हालचाल करावी लागते.